बांधापलीकडचा खर्रूब

"उठा हाजी. तिथं मला सातू पसरायचेत."

फर्जानी उठला. सकाळपासूनची ही चौथी वेळ. आधी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला होता, तर बायकोला, मबरूकाला, आत-बाहेर करताना त्याचे गुडघे आडवे येत होते. मग तो मागाच्या खोलीत खिडकीशी बसला, तर त्याची सावली ताण्यावर पडायला लागली. तिथून उठून दारापुढच्या, पावसाचं पाणी जमिनीतल्या टाक्यात नेणाऱ्या चुना दिलेल्या उतरत्या अंगणात त्याने पाय टाकला मात्र, मबरूका ओरडलीच.

"चपला! टाक्याच्या अंगणात चपला घालून? त्या अंगणातलं पाणी आपण पितो! पॅरिसमध्ये हेच शिकलात होय?"

"अगं, विसरलो."

"विसरला नाहीत. तुम्हाला माहीतच नव्हतं. ऑगस्टमध्ये तुम्ही येता तेव्हा पाऊस कुठं असतो?"

चौथी जागा जिन्याखालची. तिथं ऊन नव्हतं, वारा नव्हता, कुणाच्या पायात येण्यासारखं काही नव्हतं. फर्जानीला वाटलं, सापडली. तेवढ्यात सातू आले.

"मग मी बसू तरी कुठं?"

"बसा की. एवढं मोठं घर पडलंय."

एवढं मोठं घर त्यानेच बांधलं होतं. एका ऑगस्टात खोली, दुसऱ्या ऑगस्टात गच्ची, तिसऱ्यात न्हाणीघर. जेर्बा बेटावरच्या निम्म्या पुरुषांसारखा तोही तरुणपणी परमुलखात किराणा दुकानात उभा राहिला, आणि एकेचाळीस वर्षं उभाच राहिला. उभा हा शब्द इथे मोजून वापरला आहे, कारण त्याच्या दुकानात खुर्ची नव्हती. दुकानात खुर्ची आली की दुकानदार म्हातारा होतो, असं त्याचं मत होतं. गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्या पावलांवरून तो ओळखायचा, हे दूध नेणार, हे सिगारेट, आणि हे नुसतं पत्ता विचारून जाणार. सहसा चुकायचा नाही. वर्षातून एक महिना तो बेटावर यायचा. त्या महिन्यात चार लग्नं, दोन सुंता आणि गावभर भेटीगाठी व्हायच्या, त्यामुळे घरात बसायचा प्रश्न कधी आलाच नव्हता.

यंदा गुडघ्यांनी संप केला. दुकान मुलाच्या हाती देऊन जुलैत कायमचा येतो म्हणून त्याने कळवलं होतं. पण एकदा खुर्ची नसलेल्या दुकानात उभं राहवेना म्हटल्यावर थांबायचं कशाला? तो मार्चमध्येच येऊन थडकला. आणि आता तीन आठवड्यांत त्याला एक गोष्ट कळून चुकली होती. या घरातल्या प्रत्येक कोपऱ्याला काहीतरी काम नेमून दिलेलं होतं. तो सोडून.

त्याची स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू या आवारात होती, आणि नेमकी तीच जागेवर नव्हती.

ते होतं खर्रूबचं झाड. एकवीस वर्षांपूर्वी, मुलीच्या लग्नानंतर, परत जायच्या आदल्या दिवशी त्याने ते लावलं होतं. सोमवारच्या बाजारातून गुडघाभर रोप आणलं, दारासमोर उजव्या हाताला टाक्यापासून चार पावलं मोजून खड्डा घेतला, काठीला दुकानातल्या पार्सलांच्या निळ्या दोरीने रोप बांधलं आणि भोवती दगडांचं कडं केलं. बारमाही हिरवं झाड, चिंचेसारख्या काळ्या गोड शेंगांचं, वाळूत जगणारं. म्हातारपणी आपण याच्याखाली खुर्ची टाकून बसू, असा हिशेब. पुढं प्रत्येक ऑगस्टात टॅक्सीतून उतरला की तो आधी झाड बघायचा. झाड फारसं वाढत नसे. पण खर्रूब सावकाशच वाढतो हे सगळ्या जगाला माहीत आहे. एका वर्षी तर ते वीतभर खुजं झालेलं दिसलं होतं. "बकरीनं शेंडा खाल्ला," असं मबरूका म्हणाली होती. त्याने शेजारच्या सुलेमानला चार शब्द सुनावले होते, बकरी बांधून ठेवत नाही म्हणून.

यंदा मार्चमध्ये टॅक्सीतून उतरला तर दगडांचं कडं होतं, आत नुसती वाळू.

"वाऱ्यानं गेलं," मबरूका म्हणाली.

"कधी?"

"वारा काय तारीख सांगून येतो?"

तेव्हा त्याने ते मान्य केलं. पण आज सातूंनी त्याला जिन्याखालून उठवलं आणि त्याच्या मनाने घेतलं. त्याने मागच्या बाजूला पाहिलं. घरामागे मातीचा उंच बांध होता, त्यावर निवडुंगाची रांग, आणि निवडुंगाच्या वर एका खर्रूबचा घनदाट, काळसर हिरवा माथा. सुलेमानचं झाड. गेली कित्येक वर्षं फर्जानी त्या झाडावर जळत होता. ज्या माणसाला धड बकरी बांधता येत नाही, त्याच्याकडे असं झाड! बांधापलीकडे तो कधी गेला नव्हता. तिथं दुपारी आसपासच्या तिन्ही घरच्या बायका बसायच्या. कुणाही पुरुषाला त्या वाटेने जायचं झालं तर तो वळणावर खोकायचा आणि मान खाली घालून निघून जायचा. पोरांचा आरडाओरडा, बायकांचं हसणं आणि वर हिरवा माथा, एवढंच त्याच्या वाट्याला आलं होतं.

"मी झाड आणायला चाललोय," तो म्हणाला.

मबरूकाचा हात सातूंमध्ये थांबला. "आता? एप्रिलात?"

"मग काय ऑगस्टची वाट बघू?"

"कुठलं आणणार?"

"बघतो. माझ्या हयातीत सावली देईल असलं."

"बरं," ती म्हणाली. पुन्हा सातू पसरू लागली. मग मान वर न करता म्हणाली, "लझरकडे जाऊ नका. महाग लावतो. बाजारात बघा."

जन्मभर दुकानदारी केलेल्या माणसाला अमुक दुकानात जाऊ नका म्हटलं की तो दुसरीकडे जाईल कसा? फर्जानी सरळ लझरच्या रोपवाटिकेत गेला.

हूमत सूक गावाच्या रस्त्यावर खजुराच्या झापांच्या सावलीत रोपं ओळीने मांडलेली होती. लझर चाळिशीचा, अंगाने रुंद, कानाला फोन आणि हातात पाण्याची नळी. फर्जानी आत शिरला तेव्हा त्याने नुसतं पावलांकडे पाहिलं आणि फोन ठेवला. फर्जानीला ते आवडलं. मग जरा अवघडल्यासारखंही झालं. गल्ल्याच्या या बाजूला उभं राहायची त्याला सवय नव्हती.

"बोला काका. काय हवंय?"

"झाड. दारासमोर लावायला. बारमाही हिरवं, आणि लवकर वाढणारं."

"जमीन?"

"वाळू. जेर्ब्यात आणखी काय असतं?"

"वाळूवाळूतही फरक असतो. समुद्र किती लांब? पाणी कुठलं?"

"टाक्याचं. दारापुढेच टाकं आहे."

"टाकं आहे म्हणता," लझरने नळी बंद केली. "मग हा फायकस विसरा. दिसतो छान, तीन वर्षांत छत्री होते. पण त्याची मुळं पाण्याचा वास काढत जातात. मेदून गावात एकाच्या टाक्याच्या भिंतीतून मूळ आत आलं होतं, मांडीएवढं. वर्षभराचं पाणी वाळूत गेलं."

"मग ते सुरूचं?"

"सुरू वाढेल. पण सुया गळतात वर्षभर. पन्हाळी तुंबणार, अंगण तुंबणार. बायको झाडू घेऊन झाडामागे लागेल, मग तुमच्यामागे."

"ती आधीच लागलीय. निलगिरी?"

"निलगिरीला पाणी पाजायचं तर दुसरं टाकं बांधा."

"ऑलिव्ह?"

"ऑलिव्ह चांगला. पण त्याची सावली जाळीदार. तुम्ही बसाल तर अर्धे उन्हात." लझर हसला. "बसायचंच आहे ना?"

फर्जानीने त्याच्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक कशाला आलंय हे या पोराला बरोबर कळत होतं.

"खर्रूब होता माझा," तो म्हणाला. "एकवीस वर्षांचा. वाऱ्यानं गेला. आमच्या शेजारच्या सुलेमानकडे मात्र आहे. असा माथा! वाळू तीच, वारा तोच. काय घालतो त्याला, देव जाणे."

"एकवीस वर्षांचा खर्रूब वाऱ्यानं?" लझरच्या कपाळाला आठी पडली. "त्याचं मूळ तुमच्यामाझ्या पणजोबांपर्यंत जातं. कुठलं घर तुमचं?"

फर्जानीने सांगितलं.

लझरचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे तुम्ही मबरूकामावशींचे हाजी! अहो, मग तुम्ही कशाला तसदी घेतलीत? मावशी येतील की जुलैत. काढून ठेवलंय त्यांचं." त्याने शेवटच्या ओळीकडे बोट दाखवलं. तिथं एका पत्र्याच्या डब्यात कमरेएवढा खर्रूब उभा होता. "यंदा मापाचा मिळायला त्रास पडला. पण मिळवला."

"कसलं माप?"

लझर झोपडीत गेला आणि खिळ्यावरचा एक दोरा घेऊन आला. दोरा निळ्या नायलॉनचा होता. त्याला ओळीने दोन-दोन बोटांवर गाठी मारलेल्या होत्या.

"मावशींनी माझ्या वडिलांकडे ठेवला होता. दर जुलैत एक गाठ. मागच्या वर्षीपेक्षा दोन बोटं उंच, जास्त नाही. वडील म्हणायचे, असं चोख गिऱ्हाईक दुसरं नाही. फक्त एका वर्षी मापाचं नव्हतंच, तेव्हा वीतभर खुजं न्यावं लागलं. मावशी म्हणाल्या, असू दे, बकरी आहे."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते लझरच्या लक्षात आलं. त्याने नळी उगाचच पुन्हा चालू केली.

"तुम्हाला... हाजीकाका, आम्हाला वाटायचं तुम्हाला माहीत असणार."

"आम्हाला म्हणजे कुणाला?"

लझरने पाण्याची धार दुसऱ्या डब्याकडे वळवली. म्हणजे सगळ्यांना.

फर्जानीने दोरा हातात घेऊन गाठी मोजल्या. सतरा. चार वर्षं झाड टिकलं असणार. एकेचाळीस वर्षांत त्याने कुणाला चिमूटभर कमी दिलं नव्हतं, कुणी त्याला फसवून खोटी नोट खपवली नव्हती. आणि इथे दर ऑगस्टात टॅक्सीतून उतरून त्याने नव्या रोपाच्या शेंड्यावर हात फिरवला होता आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं होतं, बघा, सावकाश, पण वाढतोय. शेजारीही माना डोलवायचे. त्यातल्या काहींना तेव्हा खोकला यायचा, ते आता त्याला आठवलं.

"देऊ का बांधून?" लझरने हळूच विचारलं.

"नको. दोरा नेतो."

घरी आला तेव्हा सातू पसरून झाले होते. मबरूका त्यांच्या कडेला बसून खडे निवडत होती. फर्जानीने दोरा तिच्यासमोर सातूंवर ठेवला. तिने तो पाहिला, उचलला, त्याला चिकटलेले चार दाणे काढून पुन्हा राशीत टाकले.

"बाजारात जा म्हटलं होतं," ती म्हणाली.

"सतरा वेळा, मबरूका?"

"सतरा. तीन वर्षं आधीचंच रोप टिकलं."

"माझं झाड मेलं, तर मेलं म्हणून सांगायचं. मी काय लहान पोर होतो?"

"मेलं कुणी म्हटलं?"

तो बघतच राहिला.

"तुम्ही ते लावलंत ऑगस्टात, भर उन्हात, टाक्यापासून चार पावलांवर, आणि दुसऱ्या दिवशी गेलात विमानानं," मबरूका म्हणाली. खडे निवडणं चालूच होतं. "चार पावलं! मोजून! मी तीन महिने त्याला तोंड धुतलेलं पाणी पाजून जगवलं. नोव्हेंबरात पहिला पाऊस झाला, तेव्हा मातीसकट उचललं आणि हलवलं. तिथं राहिलं असतं तर आज टाकं फुटलं असतं. हे घर पाण्यावर आहे, हाजी, खोल्यांवर नाही."

"मग हलवलं म्हणून सांगायचं!"

"सांगितलं असतं तर पुढच्या ऑगस्टात तुम्ही ते परत हलवलं असतंत. महिन्याभरासाठी आलेला माणूस काहीतरी हलवल्याशिवाय जातो का? मागच्या वेळी न्हाणीघराचं दार हलवलंत. अजून मी अंधारात भिंतीवर आपटते."

दार त्याने खरंच हलवलं होतं.

"आणि दर शुक्रवारी फोन," ती पुढं म्हणाली. "आधी विचारणार, झाड कसं आहे? मग पोरं. मग पाऊस. मग मी." तिने एक खडा लांब फेकला. "मी म्हणायची, चांगलं आहे. खोटं नाही बोलले कधी. झाड चांगलंच होतं."

"अन् ही रोपं?"

"ती तुमच्यासाठी. टॅक्सीतून उतरलात की आधी तिकडे बघायचात. इथं तुमचं म्हणून एवढं एकच होतं. ते जागेवर नाही, हे दारातच कसं सांगायचं माणसाला?" तिचा आवाज जरा खाली आला. मग लगेच पूर्वीसारखा झाला. "त्यातली बरीच वाऱ्यानं गेली, हे खरं आहे. जगली ती काढून पोरींना दिली, शेजारणींना दिली. निम्म्या गावात तुमचे खर्रूब आहेत. चला."

"कुठं?"

"चला म्हणते ना."

ती पुढं, तो मागं. घराला वळसा घालून बांधाच्या कडेने वाट जात होती. वळण आलं तसा फर्जानी थांबला आणि खोकला.

मबरूकाने मागे वळून पाहिलं. "कुणी नाही. बायका दुपारच्या असरच्या नमाजनंतर येतात."

बांधापलीकडे झाड होतं. सुलेमानचं नव्हतं. सुलेमानची हद्द पुढच्या बांधापासून सुरू होत होती, हे कुणालाही दिसलं असतं. कुणी बघितलं असतं तर. बुंधा असा की दोन्ही हातांनी कवळ घातली तर बोटं लागणार नाहीत. फांद्या जमिनीपर्यंत वाकलेल्या, आत गार काळोखी. एका आडव्या फांदीला झोका टांगलेला. फर्जानीच्या नातवंडांचा आरडाओरडा वीस वर्षं दर ऑगस्टात बांधापलीकडून ऐकू येत होता, तो इथून. बुंध्याच्या खालच्या अंगाला, सालीत खोल रुतलेलं काहीतरी निळं दिसत होतं. सालीने ते जवळजवळ गिळलंच होतं. फर्जानीने नखाने ते खरवडलं. पार्सलाची दोरी.

"काकवी," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"दरवर्षी तू बरणी द्यायचीस. खर्रूबच्या काकवीची. मी रोज सकाळी पावाला लावून खायचो. मला वाटायचं, सुलेमानच्या घरून येते."

"सुलेमानच्या घरून?" मबरूकाला हसू आलं. "त्याच्या बायकोला चहा धड उकळता येत नाही."

फर्जानी बुंध्याभोवती फिरला. सावलीतली जमीन झाडून लख्ख केलेली होती. मातीत बसून बसून पडलेल्या खळग्या होत्या, चार-पाच, आणि बांधाच्या कोनाड्यात चहाची किटली, पेले, गुंडाळलेल्या चटया. कोण कुठे बसतं हे जमीनच सांगत होती. गुडघे दुखायला लागले होते. त्याने सगळ्यांत जवळची खळगी पाहिली आणि बसायला वाकला.

"तिथं नको. ती सुलेमानच्या बायकोची."

तो उभा राहिला. पलीकडे सरकला.

"ती माझ्या बहिणीची. गुडघ्यामुळे तिला बुंधा लागतो टेकायला."

"मग?"

मबरूकाने एकदा सगळीकडे नजर फिरवली, जिन्याखाली सातू पसरायच्या आधी फिरवली होती तशीच. मग कोनाड्यातली चटई काढून पसरली, स्वतः तिच्या एका कडेला बसली, आणि उरलेल्या भागावरून हाताने माती झटकली.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला. वर पानांत वारा होता, खाली नव्हता. मग तिने त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. सकाळी दहापासून असरपर्यंत झाड त्याचं. असरनंतर बायकांचं. सोमवारी आणि गुरुवारी बाजार, तेव्हा दिवसभर बसलात तरी चालेल. ऑक्टोबरात फुलतो तेव्हा घाण वास येतो, ओल्या बकरीसारखा, पंधरा दिवस कुणी फिरकत नाही. "ते तुम्हाला माहीत नसणार," ती म्हणाली.

"नाही," फर्जानी म्हणाला. "ऑक्टोबर मी इथं पाहिलेला नाही."

"लझरकडचं ते रोप?"

"ठेव म्हटलंय."

तसं तो म्हणाला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन म्हणाला. नोव्हेंबरात पहिला पाऊस पडला की नेतो, जागा तिला विचारून ठरवतो. लझरने मान डोलवली. शेजाऱ्यांसारखा त्याला खोकला आला नाही.

तिथून परत येईपर्यंत दहा वाजले होते. फर्जानी घरात गेला नाही. चपला वाजवत बांधाच्या कडेने निघाला. वळणावर आला तसा थांबला आणि खोकला. पलीकडे कुणी नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी दुसऱ्याच्या दारात माणूस जेवढा थांबतो, तेवढा तो थांबला. मग मान खाली घालून आत गेला आणि कोनाड्यातली चटई पसरून काल आपल्या वाट्याला आलेल्या कडेला बसला.